मूडबिद्रीचे तेल

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता पहाटे सांगलीहून निघालो. सौ.ने प्रवासाच्या पिशवीत ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली थंडीने गोठून मेणासारखी पांढरी झाली होती. तेल काढण्यासाठी ती नेहमीप्रमाणे गरम पाण्याच्या तांब्यात धरावी लागली. देशावर राहणाऱ्या माणसाला या गोष्टीचे नवल नसते. दिवाळी सरली की खोबरेल गोठते आणि होळीच्या सुमारास पुन्हा पातळ होते, हे आमचे घरगुती पंचांगच आहे. तुळुनाडूत मात्र हे तेल सहसा गोठत नाही, असे माझी आई सांगत असे. ते पाहायला मला पंचेचाळीस वर्षे लागली.

१९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या मूर्तीला एक हजार वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त महामस्तकाभिषेक झाला. आमच्या गावातून एक खासगी बस गेली. त्या वेळी मी बँकेत नुकताच लागलो होतो. मार्चअखेरची कामे तोंडावर आली असल्याने मला रजा मिळाली नाही. आई-वडील गेले. श्रवणबेळगोळहून ती मंडळी धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री, कार्कळ असे दर्शन करीत परतली. येताना इतरांनी काजू आणले, चंदनाच्या माळा आणल्या. आईने आणला तो पत्र्याचा पाच किलोंचा खोबरेल तेलाचा डबा. बसमधल्या बायकांनी तिची थट्टा केली. तेल काय सांगलीत मिळत नाही? आई म्हणाली, “तिथं बस्तीत दिव्याला जे तेल, तेच घरात भाजीला, तेच डोक्याला. एकाच डब्यातलं. मला ते फार आवडलं.”

आमच्या दक्षिण महाराष्ट्रात जिनमंदिराला ‘बस्ती’ म्हणतात. कर्नाटकात तिलाच ‘बसदी’ म्हणतात. आईच्या बोलण्यात त्या दोन्ही जणू एकच असत. तो डबा सहा-सात महिन्यांत संपला. नंतर त्यात वर्षानुवर्षे गहू, मग डाळ आणि शेवटी जुने कपडे राहिले. पण त्याचे नाव ‘मूडबिद्रीचा डबा’ असेच राहिले.

आईच्या अखेरच्या दिवसांत या तेलाने मला एक ऋण लावून ठेवले. त्याची हकिगत पुढे येईल. हा प्रवास मूळचा त्या ऋणासाठी होता, एवढे येथे सांगणे पुरे.

आमचा रस्ता बेळगाव, हुबळी, यल्लापूर असा होता. यल्लापूर सोडल्यावर अरबैल घाट लागतो. घाट उतरू लागताच हवा बदलते. अंगावरचे स्वेटर उतरतात, काचा खाली होतात. अंकोल्याला समुद्राची दमट हवा भेटली. पहिला मुक्काम शरावती नदीच्या मुखाशी, होन्नावरला केला. संध्याकाळी पिशवी उघडली तेव्हा सकाळची पांढरी बाटली काचेसारखी स्वच्छ झाली होती. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते. त्या खालच्या तपमानात ते घट्ट होते आणि वर गेले की पातळ होते. त्यात बिघाड काहीच नसतो. घट्ट झालेले तेल ‘मेण घातलेले आहे’ म्हणून परत करणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. वस्तुतः थंडीतही न गोठणारे खोबरेल पाहून शंका यायला हवी.

दुसऱ्या दिवशी कुंदापूर, उडुपी करीत पडुबिद्रीहून आत वळलो आणि कार्कळला पोहोचलो. येथील टेकडीवर १४३२ साली प्रतिष्ठापित झालेली, सुमारे ४२ फूट उंचीची भगवान बाहुबलींची एकपाषाणी मूर्ती आहे. समोरच्या टेकडीवर १५८६ सालची चतुर्मुख बसदी आहे. चारही दिशांना दारे आणि चारही दारांतून दर्शन. टेकडीवर ऊन कडक होते. भगवंतांच्या अंगाखांद्यावर चढलेल्या वेलींकडे पाहता पाहता माझ्या मनात एक साधा विचार आला. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अस्नान आहे, केशलोच आहे. ज्यांनी देहाचे ममत्व सोडले, त्यांना तेलाची गरज नाही. आपण गृहस्थ आहोत. आपल्याला डोके आहे, टाचा आहेत, स्वयंपाकघर आहे, गंजणारी विळी आहे. आपल्यापुढचा प्रश्न तेल सोडण्याचा नाही. किती आणि किती प्रकारचे ठेवावे, हा आहे.

कार्कळहून मूडबिद्री १८ किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. या गावाला ‘जैन काशी’ म्हणतात. लहानशा गावात १८ बसद्या आहेत. त्यांत सर्वांत मोठी त्रिभुवन तिलक चूडामणी, म्हणजेच हजार खांबांची बसदी, १४३० साली उभी राहिली. समोर उंच मानस्तंभ. पावसाचा मारा सोसावा म्हणून उतरती छपरे. आत खांबामागून खांब आणि दूर गर्भगृहात चंद्रनाथ स्वामींची धातूची उभी मूर्ती. षट्खंडागमावरील धवला टीकेची प्राचीन ताडपत्रे याच गावाने शतकानुशतके जपली. त्या टीकेचा पहिला मुद्रित खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी प्रसिद्ध केला. महाराष्ट्राचे आणि मूडबिद्रीचे नाते असे जुने आहे.

आम्ही मोठ्या बसदीचे दर्शन घेऊन एका लहान बसदीत गेलो. तेथे गर्दी नव्हती. येथे पुजाऱ्यांना ‘इंद्र’ म्हणतात. इंद्र महाशय पितळी समईत तेल घालीत होते. सौ.चे माहेर बेळगावकडचे, त्यामुळे कन्नड तिला घरच्यासारखी. तिने विचारले, हे कोणते तेल? ते म्हणाले, “तेंगिन एण्णे.” म्हणजे नारळाचे तेल. दिवा काचेच्या घरात होता. उजेडाला येणारा पतंग ज्योतीवर पडू नये, ही त्यामागची दृष्टी. काच थोडी काजळली होती. ती त्यांनी कोरड्या फडक्याने पुसली. ज्योत स्थिर होती. मंद, गोडसर वास होता. आईने वर्णन केलेला दिवा तो हाच की दुसऱ्या बसदीतला, हे ठरविण्याचा मी प्रयत्न केला नाही.

इंद्र महाशयांच्या ओळखीने गावाबाहेरच्या एका जैन कुटुंबात आमचे दुपारचे भोजन ठरले. मंगळुरी कौलांचे घर, पुढे सुपारी वाळत घातलेले अंगण, मागे नारळ. घरच्या वडीलधाऱ्या बाईंना सगळे ‘अम्मा’ म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टीलची एक बरणी होती आणि तिच्यावर नारळाच्या करवंटीची पळी आडवी ठेवलेली होती. पुढच्या चार तासांत त्या बरणीतले तेल मी निदान दहा कामांना लागताना पाहिले.

प्रथम अम्मांनी कच्ची केळी चिरायला घेतली. आपल्याकडे कंदमुळे वर्ज्य असल्याने बटाट्याची जागा कच्चे केळे घेते. त्याचा चीक मात्र हाताला काळा डाग पाडतो आणि साबणाने निघत नाही. अम्मांनी आधी दोन्ही तळहातांना आणि विळीच्या पात्याला तेलाचे बोट फिरविले. चिरून झाल्यावर हात पुसले, हात स्वच्छ. केळफूल सोलतानाही असेच करतात. नंतर नीर दोसे झाले. तव्याला तेल लावण्यासाठी पुष्कळ घरांत अर्धा कांदा वापरतात; येथे काथ्याची लहान जुडी होती. ती तेलात बुडवून तव्यावर फिरवायची. केळ्याचे काप त्याच तेलात तळले, आणि भाजीवर शेवटी कच्चे तेल चमचाभर सोडले. त्या एका चमच्याने भाजीची चवच बदलली.

जेवणानंतर विळी धुऊन, कोरडी करून तिच्या पात्याला पुन्हा तेलाचा हात दिला. समुद्रकाठच्या दमट हवेत लोखंड एका रात्रीत तांबूस होते. तेलाचा पातळ थर हवा आणि पाणी दोन्ही अडवितो. लोखंडी तव्यालाही तसेच. लाकडी पोळपाट, पाट, पळ्या यांना महिन्यातून एकदा तेल चोळून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचे. लाकूड फाटत नाही आणि पाणीही कमी पिते. एका नव्या बरणीवरचा कागद निघत नव्हता, तेव्हा सुनेने त्याच्या चिकट डागावर तेल लावून दहा मिनिटांनी तो पुसून काढला. पाव्हण्यांना दाखवायला म्हणून हे कोणी करीत नव्हते. आम्हीच पाहत होतो.

न्हाणीघरात नारळाच्या तेलापासून केलेला साबण होता. हा विषय आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. १९८३ साली वनस्पती तुपात प्राणिजन्य चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतर आमच्या घरात साबणाविषयीही विचारपूस सुरू झाली, कारण साबणातही चरबी वापरली जात असे. नारळाच्या तेलाचा साबण शुद्ध वनस्पतिजन्य असतो. शिवाय त्याला कठीण पाण्यात, अगदी खारट पाण्यातही फेस येतो, ही त्याची आणखी एक खुबी. नुसत्या नारळतेलाचा साबण कोरड्या त्वचेला थोडा रखरखीत लागतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दुपारी अम्मांची नात आपल्या पाच महिन्यांच्या बाळाला न्हाऊ घालायला बसली. तळहातावर तेल घेऊन, हात एकमेकांवर घासून कोमट करून, हलक्या हाताने पाय, पोट, पाठ. बाळ हसत होते. जुन्या काळी नाकात-कानात तेलाचे थेंब घालीत. हल्ली डॉक्टर तसे करू नका म्हणतात आणि अम्मांच्या घरात ते बंद झाले होते. बाळ झोपल्यावर नातीने स्वतःच्या केसांना तेल लावले. केस धुण्यापूर्वी तासभर आधी लावायचे, अशी त्यांची रीत. खोबरेलाचे काही अंश केसाच्या आतपर्यंत शिरतात, त्यामुळे धुताना केसांतील प्रथिनांची हानी कमी होते, असे प्रयोगांतूनही दिसले आहे. वरचेवर तेल लावून फणीने विंचरलेल्या डोक्यात उवा-लिखांची चाहूल लवकर लागते, आणि पुढे विषारी औषधाने जीव मारण्याची वेळ येत नाही, असे माझी आई म्हणत असे. अम्माही तेच म्हणाल्या.

उन्हे कलल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. तेथे त्यांची नव्वदी ओलांडलेली आई अंथरुणावर होती. अम्मांनी त्याच बरणीतले तेल वाटीत घेतले आणि आईच्या पिंढऱ्यांना, टाचांना, कोपरांना लावू लागल्या. सौ. काही न बोलता शेजारी बसली आणि तिने दुसरा पाय घेतला. मी दारातून बाहेर आलो.

माझी आई अखेरचे १४ महिने अंथरुणाला खिळून होती. घरात माणसे होती, पैसाही होता. मी औषधांच्या दुकानातून त्वचेसाठी जे जे चांगले म्हणून सांगितले ते ते आणले. मलमे, द्रावणे, सुवासिक लोशने. त्यांपैकी एका सुवासिक लोशनाने तिच्या पाठीवर पुरळ उठले. सौ. माझ्यावर रागावली नाही, म्हणून मला अधिक लागले. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, दर दोन तासांनी कूस बदला, त्वचा कोरडी आणि स्वच्छ ठेवा, धडधाकट त्वचेला साधे तेल हलक्या हाताने लावा; जिथे जखम झाली असेल तिथे तेल लावू नका आणि लाल झालेली जागा चोळू नका. त्या दिवसापासून आम्ही खोबरेल लावू लागलो. पुरळ गेले. एके दिवशी तेल लावताना आईने वास घेतला आणि विचारले, “मूडबिद्रीचं का रे?” बाजारातली बाटली होती. मी म्हणालो, “नाही. पण आणतो.” मग कधी पाऊस, कधी तिची प्रकृती, कधी माझे गुडघे असे होत गेले. माणसाकरवी मागविता आले असते. तेही सुचले नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. आयुष्यभर लोकांची थकलेली कर्जे मी वसूल केली. हे एक माझ्याच नावावर थकीत राहिले.

दुसऱ्या दिवशी अम्मांचा मुलगा आम्हाला तेल काढण्याच्या लहान गिरणीत घेऊन गेला. तेथील हिशेब मी सवयीने वहीत टिपला. पूर्ण पिकलेला, जून नारळ फोडून वाट्या उन्हात आठवडाभर वाळवितात. एक किलो सुके खोबरे मिळायला साधारण सहा ते सात नारळ लागतात. शंभर किलो चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यातून साठ-पासष्ट किलो तेल निघते. म्हणजे एका लिटरला दहा नारळ धरावेत. उरलेली पेंड गाईंना जाते. करवंटीची पळी किंवा कोळसा होतो, सोडणाचा काथ्या. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळतात. शिल्लक कचरा नाही.

गिरणीवाल्यांनी दोन गोष्टी बजावल्या. खोबरे ओलसर राहिले तर बुरशी धरते आणि तेल लवकर खवट होते. म्हणून खोबरे वाळविण्यातच खरे कसब आहे. घरीही तेलात ओला हात किंवा ओला चमचा घालू नये, कोरड्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, उजेडापासून दूर ठेवावे. वास-चव बदललेला पदार्थ आपल्याकडे चलितरस म्हणून वर्ज्य मानतात. खवट तेलालाही तो नियम लावावा. दुसरी गोष्ट भेसळीची. थोडे तेल वाटीत घेऊन शीतकपाटात ठेवावे. सगळे एकसारखे गोठले तर बरे. वर पातळ थर राहिला तर दुसरे तेल मिसळले असण्याचा संभव. पण पामच्या बियांचे तेलही थंडीत असेच गोठते, म्हणून ही परीक्षा पुरी नाही. ओळखीची गिरणी हीच खरी खात्री.

माझ्यातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी येथे गप्प राहू शकला नाही. खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा वाद या देशात करआकारणीसाठी वर्षानुवर्षे चालला. लहान बाटलीतले तेल लोक डोक्याला लावतात, म्हणून ते केशतेल समजावे, असे कर खात्याचे म्हणणे होते. त्या वेळी वस्तू व सेवा कर खाद्यतेलाला ५ टक्के आणि केशतेलाला १८ टक्के होता. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ बाटली लहान आहे म्हणून शुद्ध खोबरेल केशतेल ठरत नाही. मी ही हकिगत सौ.च्या मदतीने अम्मांना सांगितली. त्यांना वादच समजेना. त्या म्हणाल्या, “बरणी तर एकच आहे!”

त्या एका वाक्याने मला आईची वही आठवली. वडील गेल्यानंतरच्या चातुर्मासात आईने मुनिमहाराजांकडून भोगोपभोग परिमाण व्रत घेतले होते. श्रावकाच्या शिक्षाव्रतांत ते येते; एकदाच उपयोगात येणाऱ्या आणि पुनःपुन्हा उपयोगात येणाऱ्या वस्तूंची मर्यादा आपण होऊन ठरवायची. आईने एका शाळकरी वहीत यादी केली होती. लुगडी चार. चादरी दोन. भाज्यांची नावे. आणि मध्येच एक ओळ, ‘तेल एक, खोबरेल’. फोडणीच्या शेंगतेलाचे काय करायचे, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. आईने तो प्रश्न आपल्यापुरता सोडविला. तिची भाजी वेगळी होऊ लागली. अष्टमी-चतुर्दशीला ती तेलाचा रसच सोडीत असे. मला तेव्हा तो म्हातारपणाचा हट्ट वाटे. मोठ्या पगाराचा अधिकारी मुलगा असताना आईने एका तेलावर का राहावे, अशी माझी तक्रार असे.

अम्मांच्या स्वयंपाकघरात मला त्या ओळीचा अर्थ लागला. व्रत म्हणजे कमीत भागविण्याची सक्ती, असे मी समजत होतो. जेथे एक चांगली वस्तू दहा कामे करते, तेथे दहा वस्तूंची गरज आपोआप गळून पडते, आणि मग उणीव जाणवत नाही. आईने १९८१ मध्ये मूडबिद्रीला हे पाहिले होते, आणि तिने घरी आणलेल्या डब्यात तेलाबरोबर हेही होते. मी फक्त तेलच पाहिले.

पाच किलोंचा डबा भरून घेतला. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव फार चढले होते, त्यामुळे रक्कम ऐकून सौ.ने माझ्याकडे पाहिले. पण काही म्हणाली नाही. त्यातले पावशेर मी लहान भांड्यात काढले आणि संध्याकाळी त्या लहान बसदीत इंद्र महाशयांच्या हाती दिले. त्यांनी नाव विचारले नाही. दिव्यात ओतले. आम्ही णमोकार मंत्र म्हणून बाहेर आलो.

सांगलीला परतल्यावर पहिल्याच पहाटे डब्यातले तेल गोठले. त्या रविवारी आम्ही दोघांनी घराचा एक छोटासा हिशेब तपासला. न्हाणीघर, शृंगारपेटी आणि स्वयंपाकघराचा कट्टा यांवर त्वचेच्या, केसांच्या आणि साफसफाईच्या मिळून १४ बाटल्या व डब्या निघाल्या. टाचांचे मलम, ओठांचे मलम, मालिशचे तेल, केसांची दोन तेले, हातांचे लोशन, लाकडाची चकाकी, चिकट डाग काढण्याचे द्रावण, बिजागरीचा फवारा. ज्या संपल्या त्या पुन्हा आणायच्या नाहीत, असे ठरले. आज पाच उरल्या आहेत.

ज्या पाच उरल्या त्याही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल, कारण खोबरेल म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. डॉक्टरांनी दिलेले सौ.चे मलम राहिले. उन्हात लावायचे क्रीम राहिले. खोबरेलाने उन्हापासून पुरेसे रक्षण होत नाही. भाजल्यावर लावायचे मलमही राहिले, कारण ताज्या भाजण्यावर तेल लावू नये. आधी वाहत्या थंड पाण्याखाली धरावे आणि गरज असल्यास डॉक्टरांकडे जावे. जंतुनाशक राहिले. आणि शिलाई यंत्राचे तेल राहिले. आईने एकदा यंत्रात खोबरेल घातले होते आणि पौषाच्या थंडीत यंत्राचे चाक फिरेना. कारागिराने आतला घट्ट झालेला थर खरवडून काढला होता. खाण्याच्या बाबतीतही मर्यादा हवीच. खोबरेलातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त असतो. त्यामुळे ज्यांना कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची तक्रार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते आहारात घ्यावे. मी स्वतः भाजीवर चमचाभर घेतो, तेही आठवड्यातून दोनदा.

बाकी कामे मात्र तो डबा निमूटपणे करतो. रंगपंचमीच्या सकाळी नातवंडांच्या हातापायांना आणि केसांना आधी तेल लावले, तर रंग लवकर निघाला. सौ.च्या बोटात घट्ट बसलेली अंगठी तेलाच्या दोन थेंबांनी निघाली. देवघराच्या दाराची कुरकुर थांबली. बिजागरीच्या फवाऱ्याची बाटली त्यानंतर आणलेली नाही. सौ. रात्री टाचांना तेल लावून सुती मोजे घालते आणि म्हणते, “हे आईंना करायला हवं होतं, आधीच.” मी त्यावर काही बोलत नाही.

आईच्या तिथीला आम्ही गावच्या बस्तीत गेलो. मूडबिद्रीच्या डब्यातले तेल वाटीत नेले होते. उपाध्ये म्हणाले, “येथे तुपाचा दिवा असतो, पण आज हा लावू.” वैशाखाचा उन्हाळा होता, तेल पाण्यासारखे पातळ झाले होते. काचेच्या घरात दिवा लागला. तोच मंद, गोडसर वास आला. आईने विचारले असते, तर या वेळी मला ‘हो’ म्हणता आले असते.